शवपेटी बंद होताना कोणी पाठ फिरवावी, याबद्दल

मी, वेंग मूशेंग, कैलासवासी वेंग थ्येनफू यांचा धाकटा मुलगा, सापाच्या वर्षातला, वय अठ्ठेचाळीस, धंदा लाकडी साचे कोरण्याचा, राहणार शातींग, युनलिन जिल्हा, तैवान, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कायद्याला हाताने लिहिलेलेच लागते, म्हणून अक्षर लागेल तेवढे सांभाळून घ्यावे. माझे शिक्षण गावच्या शाळेत झाले. कोणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. डोके ठिकाणावर आहे, बिघडले आहे ते यकृत. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करण्याइतकी ताकद उरेल असे वाटत नाही.

बारा प्राण्यांच्या फेऱ्यात यंदा पुन्हा सापाचे वर्ष आहे, म्हणजे माझे स्वतःचे. स्वतःचे वर्ष माणसाला जड जाते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. नव्या वर्षाच्या आरंभीच मी देवळात वर्षदेवाचा दिवा लावला, कमरेला लाल दोरा बांधला. दिवा नीट जळतो आहे, मी परवाच पाहून आलो. लोक विचारतात, मग असे कसे झाले? मला ठाऊक नाही. पण दिव्याला दोष देऊ नये.

कलम पहिले, घर. देवळामागचे पत्र्याच्या छपराचे घर, पुढची कामाची पडवी आणि आतले सर्व सामान माझी पत्नी ल्याव श्यूमान हिचे आहे. घर आम्ही लग्नानंतर बांधले आणि कागद माझ्या एकट्याच्या नावावर आहेत, ते केवळ तेव्हा दादा कचेरीत माझ्याबरोबर आला होता म्हणून. विटा तिनेही उचलल्या आहेत. आम्हाला मूल नाही, तेव्हा घर वेंग घराण्याकडे परत यावे असा विचार कोणाच्या मनात असल्यास त्याने तो मनातच ठेवावा. तिने पुढे दुसरे लग्न केले तरी घर तिचेच राहील. ती म्हणाली, "हे कशाला लिहितोस? मी काय बाजारात उभी आहे का?" तरी लिहितो.

कलम दुसरे, आई. कालव्यापलीकडची भुईमुगाची जमीन आईची. कायद्याने तिचा जो वाटा होतो तो यात भरून निघतो, हे मी तालुक्याला जाऊन विचारून आलो आहे. कमी पडल्यास पोस्टातल्या बचतीतून पुरा करावा, उरलेले श्यूमानचे. आई कोंबड्याच्या वर्षातली, दादा बैलाच्या, मी सापाच्या. या तिघांचे फार चांगले जुळते असे पंचांग सांगते, आणि आई ते आयुष्यभर सांगत आली. "आपण तिघं म्हणजे एका चुलीचे तीन दगड," ती म्हणायची. ते खोटे नव्हते. वडील समुद्रावर असायचे तेव्हा आम्ही तिघेच असायचो, आणि एका वाडग्यातली पेज तिघांना पुरायची. मात्र चौथे माणूस घरात आले की तीन दगडांनी कसे वागायचे, ते पंचांगात नाही.

कलम तिसरे, हत्यारे. माझ्या सर्व पटाश्या, दोन्ही हातोड्या आणि धार लावायचा काळा दगड थोरला भाऊ वेंग च्येनहो याला द्यावा. तो कोरीवकाम करत नाही. पण मला ल्यूगांगच्या उस्तादाकडे शिकायला त्याने ठेवले, आणि त्यासाठी स्वतः शाळा सोडून समुद्रातली कालवं काढणाऱ्या बोटीवर गेला. हे त्याने कधी बोलून दाखवले नाही. पुढे जे बोलून दाखवले ते दुसरेच होते. दादा, दगड तेलाचा नाही, पाण्याचा आहे. तेल घालू नकोस.

कलम चौथे, साचे. कासवाच्या आकाराच्या लाल तांदळी पुऱ्यांचे, पीचफळाचे आणि बाळ महिन्याचे झाल्यावरच्या जेवणासाठी लागणारे बारा प्राण्यांचे, असे तयार साचे बाजारातल्या फांग मावशीला द्यावेत. ती पुऱ्या करते, तिच्या हातून वापरात तरी राहतील. प्लास्टिकचे साचे आल्यापासून लाकडी कोणी मागत नाही. ससा पूर्वी नीट साधायचा नाही, कान मोडायचे. आता साधतो, तर मागणारे नाहीत.

मावशीचे देणे दुसऱ्या कारणानेही लागते. माझे लग्न तिने जुळवले. श्यूमान वर्ष संपायच्या रात्री अकरा ते बाराच्या मध्ये जन्मली, कुत्र्याचे वर्ष जाऊन डुकराचे यायच्या वेळी. जुन्या हिशेबाने रात्री अकरानंतर दुसरा दिवस लागतो, म्हणून ती डुकराच्या वर्षातली. सरकारी घड्याळाने दिवस बाराला बदलतो, म्हणून तिच्या ओळखपत्रावर आदला दिवस आहे, म्हणजे कुत्रा. साप आणि डुक्कर समोरासमोरचे वैरी, सहा वर्षांचे अंतर. साप आणि कुत्रा यांचे चालते. मावशीने आईला सरळ सांगितले, "ताई, ओळखपत्र बघा ना. सरकार म्हणतंय कुत्रा. सरकारपेक्षा तुम्ही मोठ्या का?" आई जवळजवळ मान डोलावणारच होती. तेवढ्यात चहा घेऊन आलेली श्यूमान म्हणाली, "मावशी, मी डुक्कर आहे. माझ्या बाबांनी मी झाल्याबरोबर दारात फटाके लावले. आता पंचवीस वर्षांनी मी भुंकायला कुठे शिकू?"

मी तेव्हा हसलो. घरात हसणारा मी एकटाच होतो. चहा तसाच राहिला.

लग्न झाले. त्यानंतर आमच्या घरात जे जे बिघडले ते डुकराच्या खात्यावर गेले. वादळात पडवीचे छप्पर उडाले तेव्हा डुक्कर, मूल राहिले नाही तेव्हा डुक्कर, प्लास्टिकचे साचे आले तेव्हासुद्धा. माझे दुखणे निघाल्यावर आई दवाखान्याच्या जिन्यात सर्वांसमोर म्हणाली, "डुकराने साप गिळला." श्यूमान जिन्याखालच्या नळावर माझे कपडे पिळत होती. ती म्हणाली, "आई, सतरा वर्षं गिळतेय, अजून संपला नाही. चिवट आहे तुमचा मुलगा." आणि पिळत राहिली.

कलम पाचवे, देवळाचे काम. दर नव्या वर्षी वर्षदेवाच्या दिव्यांसाठी नावे घेण्याच्या टेबलावर मी बसत आलो. पुढच्या वर्षी कोणी बसेल त्याने लक्षात ठेवावे की लोक वय चुकीचे सांगतात, म्हणून वय विचारू नये, प्राणी विचारावा. प्राण्याबाबत कोणी खोटे बोलत नाही. आणि ज्याचे वर्ष जड आहे त्याला ते हळू आवाजात सांगावे. घाबरलेली म्हातारी माणसे दिव्यासाठी येतात आणि बराच वेळ उठत नाहीत. त्यांना बसू द्यावे.

टायरवाल्या छेनकडे माझी शिडी आहे. त्याला वाटते ती त्याची आहे. आता असू दे.

कलम सहावे, अंत्यविधी. हे सर्वांत महत्त्वाचे. बाकीची कलमे वाचायला कोणाला वेळ नसेल तर एवढे तरी मोठ्याने वाचावे.

विधीचे सर्व काम गावात विधी सांगणाऱ्या कोउ काकांकडे द्यावे. मंडप लहान, वाजंत्री नको. आई मंडपात येणार नाही, कारण आईबापांनी मुलाला पोचवायचे नसते. त्यांच्याआधी गेल्याबद्दल पेटीवर काठी मात्र मारायची असते. ती मारू द्यावी, कोणी हात धरू नये. तिला राग आला असेल आणि तो बाहेर यायला पाहिजे.

आता पाठ फिरवण्याबद्दल. पेटीचे झाकण लावायच्या आधी विधी सांगणारा माणूस त्या दिवसाशी आणि गेलेल्या माणसाशी ज्यांचे वर्ष जुळत नाही त्यांना पुकारतो. त्यांनी पाठ फिरवायची, नाहीतर त्यांना बाधते. माझे वडील गेले तेव्हाच्या दिवसाशी डुकराचे जमत नव्हते. कोउ काकांनी पुकारले, श्यूमानने पाठ फिरवली. तेवढ्याने भागले असते. पण दादाने तिला दंडाला धरून मंडपाबाहेर नेले आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे केले. स्मशानातून आम्ही परत येईपर्यंत ती तिथेच होती. वडिलांना शेवटच्या आजारात भरवायची ती. त्यांचे शेवटचे तोंड तिने पाहिले नाही. गावाने मात्र तिला भिंतीकडे तोंड करून उभी पाहिले, आणि तेव्हापासून तिच्याकडून वाण्याकडे सुटे पैसेसुद्धा हातात घेत नाहीत, गल्ल्यावर ठेवायला सांगतात.

माझ्या वेळी तर दिवस कोणताही निघाला तरी डुकराला पुकारणार, कारण पेटीत साप असणार. दादा परवा येऊन सांगून गेला, "मूशेंग, तिला त्या दिवशी माहेरी पाठवू. तिच्याच भल्याचं आहे." त्याला खरोखर तसे वाटते. पण एकदा बाहेर काढलेली बाई नंतर घरात शिरताना लोक काय बघतील, आणि घरावर तिचा हक्क किती दिवस मानतील, हे मला कळते. तो गेल्यावर श्यूमानने भात वाढला आणि म्हणाली, "तुझ्या वेळीही मला भिंतच का?"

मी पंचांग मानणारा माणूस आहे. ते खोटे आहे असे लिहून मी मोकळा होऊ शकत नाही, आणि मरताना देवळाशी भांडायचे त्राण नाही. मला भीती वाटते, खरेच तिला बाधले तर? मी तिला तसे विचारले. ती म्हणाली, "तुझी भीती? इतकी वर्षं शेजारी झोपतेय. जिवंत असताना चावला नाहीस, मेल्यावर चावणार?"

मी देवळातल्या माझू मातेकडे गेलो, कौल लावला. लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. होही नाही आणि नकारही नाही. पुन्हा लावला, पुन्हा हसली. मी पायरीवर बसून राहिलो. मला असे वाटले की ती म्हणते आहे, तुझ्या घरातले तू बघ.

म्हणून कोउ काकांना घरी बोलावले. आमचे जे बोलणे झाले ते नंतर वाद नको म्हणून इथे देतो.

मी म्हटले, "काका, झाकणाच्या वेळी तुम्ही किती वर्षं पुकारू शकता?"

"दिवसावर आहे. दोन, तीन. का रे?"

"जास्त पुकारली तर विधी बिघडतो का?"

"बिघडत नाही. पाठ फिरवल्याने कोणाचं वाईट होत नाही, न फिरवल्याने होतं. काळजी जास्त घेतली एवढंच."

"मग माझ्या वेळी डुक्कर सोडून सगळी पुकारा."

काकांनी चहा खाली ठेवला. "अकरा? अरे, मंडपात उभं कोण राहील? लोक म्हणतील कोउ म्हातारा झाला, यादी वाचायला लागला की थांबत नाही."

"म्हणू देत."

"आणि नेमकं जिला पुकारायचं तिलाच सोडायचं?"

"ती घाबरत नाही. देवीला विचारलंय."

"देवी काय म्हणाली?"

"हसली."

काकांनी कप फिरवला. मग म्हणाले, "मी स्वतः उंदराचा. म्हणजे मीही पाठ फिरवायची?"

"तुम्हीही."

"आणि टायरवाला छेन? तो डुकराचाच आहे."

"तो मयताला येतो आणि बाहेर सिगारेट ओढतो. त्या वेळी त्याला एक जास्त द्या."

काका हसले आणि लगेच डोळे पुसले. "तुझ्या भावाला काय सांगू?"

"बैल म्हणून पुकारा. तुम्ही पुकारल्यावर तो फिरेल. दादा विधी मोडणार नाही."

हे मी दादाला खिजवायला करत नाही. दादा, तुला राग येईल. तू पंचांग मानतोस म्हणूनच मला खात्री आहे की तू पाठ फिरवशील, आणि एकदा सगळ्या गावाबरोबर उभा राहून बघशील की नुसते पाठमोरे उभे राहणे मनाला कसे लागते. एवढेच मागतो. तिला घराबाहेर काढू नकोस. पुढल्या सणाला तिच्याकडे जेवायला ये. ती खारवलेली मासळी चांगली करते, तू कधी खाल्ली नाहीस.

तेव्हा माझी आज्ञा अशी. पेटीशी काम करणाऱ्या चार माणसांनी नजर खाली ठेवून थांबावे. कोउ काकांनी उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा आणि कुत्रा ही वर्षे स्पष्ट आवाजात पुकारावीत. सर्वांनी पाठ फिरवावी. ल्याव श्यूमान हिने पेटीजवळ यावे. तिला हवा तेवढा वेळ द्यावा. कोणी खोकू नये, घड्याळ बघू नये, मागे वळून पाहू नये. तिने "झालं" म्हटल्यावरच झाकण लावावे.

वरील सर्व मी शुद्धीवर राहून लिहिले, श्यूमानला वाचून दाखवले. तिने फक्त मासळीच्या वाक्यात "चांगली" च्या जागी "खारट" लिही म्हटले. मी बदललेले नाही.

लिहिणार: वेंग मूशेंग (सही व शिक्का)

साक्षीदार: कोउ वानफा, विधी सांगणारे, शातींग (सही)
साक्षीदार: श्ये मिंगताओ, देवळाचे राखणदार, शातींग (सही)

स्थळ: शातींग, युनलिन
दिनांक: प्रजासत्ताक वर्ष ११४, ऑक्टोबर १२. सापाच्या वर्षाचा आठवा चांद्रमहिना.