खेमाकाकाचा ओटा

४ नोव्हेंबर, तोरणमाळ

आज दुपारी सव्वाबाराला माझं सगळं संपलं. तळ्याकाठच्या भज्यांच्या टपरीवर रिना म्हणाली, "ठरलं माझं. धडगावचा मास्तर." वर, "भजी खा, गार होतील."

सात महिने तिच्या घरी राबलो. शहाद्याचं कॉलेज सेकंड इयरला सोडलं ते यासाठीच. तिचा बाप खेमाकाका म्हणाला होता, घरात राहून काम कर, जावई म्हणून बघू. आपल्यात चालतंच ते. आता म्हणतो, "बघू म्हटलं होतं. बघितलं."

हरामखोर.

६ नोव्हें.

घाटाच्या दरवाज्याशी बसून होतो. कधीकाळी इथे राजाचं शहर होतं म्हणे. राजा गेला, तट राहिला. तोही कुठला! उजवा बुरूज कमरेएवढा उरलाय. बाकीचा खेमाकाकाच्या पर्यटकांच्या खोल्यांपुढे ओटा होऊन बसलाय. कमळ कोरलेला दगड तर पायरीला.

फोटो काढले, बुरुजाचे अन् ओट्याचे. पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहिला, पाठवला. दोन दिवसांनी आज पोटभर जेवलो.

१५ नोव्हें.

खात्याची जीप आली. साहेब शहाद्याकडचा. ओट्याला टेप लावला, दगडांवर खडूने नंबर टाकले. खेमाकाकाला म्हणाला, "इतला दगडं तू एकलानी आनात? संगे कोन व्हतं?"

मी आंब्याखाली. अर्जात हे लिहिलंच नव्हतं. सगळे दगड माझ्या खांद्यावरून आलेत. कमळाचा तर मीच शोधून काढला, रिना रोज त्यावर पाय ठेवेल म्हणून.

खेमाकाकाने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"कोणी नाही, साहेब. मी अन् माझं गाढव."

साहेबाने लिहून घेतलं. खेमाकाकाकडे गाढव नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. कोणी हसलं नाही.

१९ नोव्हें.

मास्तरकडचा निरोप. केस झालेल्या घरात सोयरीक नको. मला हवं तेच झालं की. मग घास का...

रिना आली. बाहेरच उभी. "मोडलं. ये आता मागायला."

मी उंबऱ्यापर्यंत आलो.

"बाप उद्या शहाद्याला चाललाय, जबाब द्यायला. तुझं नाव घे म्हटलं तर मलाच ओरडतो. म्हणतो, पोराने मी सांगितलं ते केलं." मग म्हणाली, "अर्ज लिहायला हात होते तुला."

आई आतून म्हणत होती, पोरीला पाणी तरी दे. ती केव्हाच वळली होती.

२० नोव्हें., सकाळ

शहाद्याची वडाप जीप भरतेय. खेमाकाका पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. मागे अजून एक जागा आहे. तो मला बसू देईल का, माहीत नाही. साहेबापुढे काय बोलायचं तेही ठरलं नाही. डाव्या खांद्यावरचा वण अजून गेलेला नाही, तो दाखवता येईल.

हॉर्न वाजला.

वही इथेच ठेवतो. आईला सांगितलं नाही. निघालो, दार लावून घेतो.