पळणारीला आग्रह नको

४ ऑक्टोबर, शनि.
मंद्रूप रोड. बायको सुनंदा पळत, मी मागून स्कूटरवर, हँडलला खाऊची पिशवी. अठ्ठाविसाव्या कि.मी.ला सु.ला परत उलटी. बाभळीला धरून उभी होती आणि मी पाठीवरून हात फिरवत विचारलं, केळं देऊ का. तिने ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही.

पोटात गेलेलं: दोन केळी, पळणाऱ्यांसाठीच्या जेलीच्या तीन पुड्या (चव खोकल्याच्या औषधाची), खजूर, साखरपाणी. सगळं बाहेर. चारेक तास झाले की हिचं पोट संपावर जातं. आणि डोंगरातल्या साठ कि.मी.ला अकरा-बारा तास लागणार. शर्यत १४ डिसेंबरला. गेल्या वर्षी चाळिसाव्याच्या पुढे मजल गेली नाही. या खेपेला पोटाने दगा दिला तर लांबचं पळणं बंद, असं तिनेच सांगून टाकलंय. वय चव्वेचाळीस, शाळेत पाचवीचा वर्ग, पहाटे चारला उठणं, हौसेलाही मर्यादा असते म्हणाली. हसत म्हणाली, पण मी ओळखतो तिला.

५ ऑक्टो., रवि.
सु. आज बोलली. गेल्या डिसेंबरचं.

चाळिसाव्या कि.मी.च्या थांब्यावर मी डबा घेऊन उभा होतो. तुपात भिजलेली पुरणपोळी. तिला नको होती. मी म्हटलं, माझ्यासाठी एक घास. मग एक आईच्या नावाने. मग एवढीशी कशाला ठेवायची म्हणून उरलेली. पुढच्या चढावर सगळं निघालं, पायातला जीव गेला, दोघांनी धरून खाली आणली. तेव्हापासून मी उन्हाला शिव्या घालतोय.

"मला नको होती. तुमचं तोंड बघून खाल्ली," म्हणाली. "मी पळतीय हो. तुम्ही मला पंगतीला बसवताय."

दहा महिने गप्प राहिली, मला वाईट वाटेल म्हणून. वाटलंच. फार वाईट वाटलं. आमच्या घरात माया दाखवायची दुसरी रीतच नाही. वाढायचं. ताटावर हात आडवा आला तर हाताच्या कडेने वाढायचं. आईने तेच केलं, मी तेच करतो.

ठराव: खाण्याचं खातं माझ्याकडेच. "घे ना अजून" बंद.

१२ ऑक्टो., रवि.
पळत माहेरी गेलेली बाई मंद्रूपच्या पुढे सगळ्यांनी पाहिली. सु.चे वडील (मी मामा म्हणतो) शेतावरच राहतात. उमेदीची वर्षं मेंढरांमागे डोंगर तुडवण्यात गेली, त्यामुळे लांब चालणाऱ्याने काय खावं यावर त्यांचा अधिकार. त्यांनी सांगितलं, माडगं. हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ, पातळ शिजवायचं. पोटाला धरून राहतं. स्वतः चुलीवर करून दिलं. मी हुशारी करून दाबायच्या बाटलीत भरलं.

परतीला सातव्या कि.मी.ला सु.ने बाटली दाबली. काही येईना. अजून दाबली. मग एकदम सगळंच आलं, गळ्यापासून टी-शर्टपर्यंत. रस्त्यात बसून हसलो दोघं.

मामांना फोन केला. म्हणाले, "गार झालं की थिजतंयच की. आमी कुटं बाटलीत भरत हुतो? बसून प्यायचं अस्तंय ते."

खरी गोष्ट वेगळीच. जावई म्हणून मला तीन वाट्या. नको म्हटलं की मामा म्हणणार, "मग आमचं माडगं आवडलं न्हाय म्हना की." परत येताना स्कूटरवर प्रत्येक खड्डा पोटात मोजला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना वाढलं, स्वतःला वाढून घेणं काय असतं ते आज कळलं. सु.ला सांगितलं नाही. मिशीला माडगं होतं म्हणे, तिने न सांगताच ओळखलं.

२२ ऑक्टो., बुध.
पाडवा. ओवाळलं. साडी नको, बूट हवेत. चकल्यांकडे ढुंकून बघत नाही, तिच्या वाटच्या मला खाव्या लागतायत. कुणीतरी खायलाच हवं.

८ नोव्हेंबर, शनि.
तुळजापूरचा घाट. आपल्याकडे डोंगर म्हणून एवढाच. सु. पाच वेळा वर-खाली करणार होती. मी डब्यात भाकरी, शेंगाचटणी, गुळाची पोळी अशी जय्यत तयारी. पहिली फेरी संपल्यावर डबा उघडला तर म्हणाली, "अहो, आज संकष्टी."

मेलो. लग्नाला वीस वर्षं झाली, ही बाई महिन्याला संकष्टी धरते आणि मी विसरलो. घाटाखाली वडापावची गाडी. तिथल्या मावशींनी हळद-फोडणी पडायच्या आधीचे उकडलेले बटाटे काढून दिले, वर मीठ. शेजारच्या टपरीवर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणा चिक्की. सु. दर फेरीला अर्धा बटाटा नाहीतर अर्धा लाडू, दोन घोट पाणी, चालली. मी दगडासारखा बसून.

चौतीस कि.मी. साडेपाच तास. उलटी नाही. मळमळ नाही. शेवटच्या उताराला गाणं म्हणत आली.

घरी येऊन तिला म्हटलं, एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, तुझं तर चतुर्थीलाच. ती हसली. मी मात्र संध्याकाळभर विचार करतोय. बटाट्याने साधलं का? की उपवासाच्या माणसाला आग्रह करायचा नसतो म्हणून माझं तोंड दिवसभर बंद होतं, त्याने?

१५ नोव्हें., शनि.
तेच बटाटे, तेच लाडू, तोच घाट. उपवास नाही. विसाव्या कि.मी.पर्यंत छान. मग मी म्हणालो, अर्धाच घेतलास, एवढा संपवून टाक की. फक्त एकदा. शपथ, एकदाच.

सव्विसाव्याला पोट संपावर गेलं.

गुन्हेगार सापडला. तुळजापूर ते सोलापूर गाडीत दोघं गप्प. सात रस्त्याच्या सिग्नलला तिने माझा हात धरला आणि सिग्नल सुटेपर्यंत धरून ठेवला.

२९ नोव्हें., शनि.
पाण्याचा घोटाळा. ऊन म्हणून सु. साधं पाणी ढोसत राहिली, बोटं सुजली, अंगठी निघेना, डोकं जड. नुसतं पाणी नको, हे आता पक्कं. लिंबू, मीठ, साखर, आणि तहान लागेल तेवढंच. बाटली तिच्या पाठीवर, झाकण तिच्या हातात. माझं काम भरून द्यायचं. किती प्यायली हे विचारायचं नाही, रिकामी किती झाली हे चोरून बघायचं.

६ डिसेंबर, शनि.
आज हलकं, बारा कि.मी. पोट ठीक. मी सरावाला आरशासमोर उभा राहून "काय देऊ?" असं नुसतं विचारून बघितलं. "घे ना" आपोआप मागून येतं, उचकीसारखं. सु. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, त्यापेक्षा मुकेच राहा.

१३ डिसें., शनि.
शर्यतीला निघालो. टेंभुर्णीला चहा. गाडीत उकडलेल्या बटाट्यांचा वास. सु.ने खिडकीला डोकं टेकून झोप काढली. मागच्या सीटवर लाडू, चिक्की, लिंबं, मिठाची पुडी, बटाटे. कडक भाकरी आणि चटणी पण आहे, ती माझी. भीती वाटतेय. तिच्यापेक्षा मला जास्त.

१४ डिसें., रवि.
चाळिसाव्याचा थांबा. इथेच बसून लिहितोय.

पहाटे पाचला सुटली. पहिल्या दोन थांब्यांवर नीट खाल्लं, असं तिनेच आल्यावर सांगितलं. इथे आली दीडला. थांबा बंद व्हायला पाऊण तास. तोंड पांढरं. खाली बसली. सगळे डबे उघडून समोर ठेवले आणि मी गप्प. तिने एकेकाकडे बघितलं आणि मान फिरवली.

"पोट बंद झालंय," म्हणाली. "वास पण नको."

पुढे वीस कि.मी., दोन मोठे चढ. रिकाम्या पोटी होत नाहीत, हे तिलाही माहीत. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं, चक्कर आल्यासारखं झालं. म्हणून माझी भाकरी काढली, मोडली, चटणीला लावली आणि खायला लागलो. कडक भाकरी, कडाकडा आवाज. तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोललो असतो.

पाच मिनिटं गेली असतील. तिचा हात आला. माझ्या हातातला तुकडा घेतला, चटणी झटकली, पाण्यात बुडवला, तोंडात ठेवला. खूप वेळ चघळला. मग दुसरा घेतला. माझ्या तोंडाशी नेलेला.

"लई भूक लागली होती का तुम्हाला?" म्हणाली.

मी मान हलवली.

चार तुकडे गेले, मी मोजले. पाच मिनिटं बसून राहिली. बाटली भरून घेतली, माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि निघाली. चढाची वाट इथून अर्धी दिसते. निळा टी-शर्ट वर जाताना दिसत होता. पहिल्या वळणावर थांबली. दुसऱ्या वळणावर परत थांबली आणि वाकली. नाडी बांधत होती की उलटी होत होती, एवढ्या लांबून कळेना. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

सरळ झाली. मागे न बघता झाडीत शिरली.