मिहिकाकडची तुळस

जबल अली, दुबई, मार्च २००९

तीर्थस्वरूप शैलामावशी,

उपेंद्रचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (फोनवर तू ‘उत्तम’ म्हणालीस, म्हणजे काहीतरी लपवते आहेस.) मी खुशाल आहे. मंदीमुळे कंपनीच्या बसमध्ये आता प्रत्येकाला खिडकी मिळते, एवढाच फरक.

आमच्या अकाउंट्सचे मुरलीधरसाहेब अल बर्शाला राहतात. गोदामात मराठी मी एकटाच, म्हणून गणपतीच्या आरतीला मला आठवणीने बोलावतात. त्यांची मिहिका इथेच वाढलेली. मराठीत विचारले तरी इंग्रजीत उत्तर देते. माझी दहावी इंग्रजीच्याच पेपरात गेली, त्यामुळे आमचे बोलणे आजवर प्रसादापुरतेच. तर गेल्या आठवड्यात तिच्या आईने, अपर्णाकाकूंनी, मला मुद्दाम बोलावले आणि मिहिकाने स्वतः त्यांची तुळस माझ्या हातात दिली. ‘प्लीज, टेक केअर ऑफ हर,’ म्हणाली. घरातली तुळस कोणी परक्याला देते का? आधी मला संशय आला की ही चेष्टा आहे. मग संशय आला की चेष्टा नाही, आणि तेव्हा जास्त घाम फुटला. खोलीतला राजन कुंडी बघून म्हणाला, ‘क्या भाई, ससुराल से आया?’ याला कोणी सांगितले?

शेवटी नवा शर्ट घालून, एक वाक्य पाठ करून मी अल बर्शाला गेलो. दार सताड उघडे. ऑफिसचा मुनीर वॉशिंग मशीन ओढत होता, खैरुद्दीन ड्रायव्हरच्या डोक्यावर गादी. साहेबांची नोकरी गेली होती. ‘खलास, उपेंद्र! शुक्रवारी पुणे,’ म्हणाले आणि हसले (त्यांना हसताना प्रथमच पाहिले; बरे वाटले नाही). विमानात नेता येत नाही ते सगळे वाटून टाकत होते. तेवढ्यात मिहिका समोर आली. ‘ओह, यू केम फॉर द आयर्न?’

मी ‘येस’ म्हणालो आणि इस्त्री घेऊन परत आलो.

तरी शंका उरतेच. मशीन काय, कोणालाही देतील. तुळस मलाच का?

तुझा,
उपेंद्र

ता. क. : त्यांचे घर तुझ्या जवळच आहे, कर्वेनगरला, निळ्या गेटचे. तुळस जगली आहे हे सांगायच्या निमित्ताने जा आणि मिहिका माझे नाव काढते का ते बघ. नाही काढले तर मला कळवू नकोस.

ता. क. २ : रिक्षाने जा. तुझ्या निनादला गाडी काढायला सांगू नकोस. तो इंजिनिअर आहे, उंच आहे आणि त्याला इंग्रजीत विनोद करता येतात.

ता. क. ३ : पाकीट चिकटवल्यावर आठवले की तुझ्या मोतीबिंदूमुळे हल्ली पत्रे निनादच वाचून दाखवतो. निनाद, ते गेट निळे नाही.