भिंतीवरच्या गलबतातली बाई

ती. आईंना,

घरात असताना आपण दोघी बोलायचो तरी किती! आणि आता तुम्ही गेल्यावर पत्र लिहायला बसलेय. काय करू, याचं उत्तर तुमच्याखेरीज कुणाकडे नाही. आपल्या भिंतीवरच्या गलबतात ही बाई कुणी बसवली?

नीट सांगते. मामंजींनी मांडवीचं घर बांधताना गवंड्याकडून ओटीच्या भिंतीवर चुन्यात उठावाचं गलबत करून घेतलं होतं ना, ते या पावसात एका बाजूने फुगलं. म्हणून जुनी शिल्पं पारखणारे एक गृहस्थ मुंबईहून आले. बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून ऐकत होते. पोकळ वाजलं की तिथे खूण करायचे.

"मॅडम, याला ऑइलपेंट कुणी लावला?"

नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवून झाली की उरलेल्या डब्यात हे गलबत रंगवायचं, ही तुमची रीत! कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला शिकवलेलं, मूर्तीला हात लावायचा नाही. आणि तुम्ही पदर खोचून मला म्हणायचात, "काय गो चष्मीण, होडीला रंग नको? कुजंल ना!" मामंजी गेले, होडी विकली, तरी तुम्ही नवा डबा आणवून रंगवतच राहिलात.

आता हे गृहस्थ म्हणतात, त्या रंगानेच ओल आत कोंडली. तो लाकडाला चांगला, चुन्याला नाही. उतरवला नाही तर गलबत भिंत सोडेल. आई, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?

त्यांनी कापसाने थोडी जागा साफ करून दाखवली. सुकाणूपाशी तांडेल म्हणून मामंजींनी स्वतःलाच बसवलंय ना, त्यांच्या मागचं ते गाठोडं. मी इतकी वर्षं गाठोडंच समजत होते! रंग गेला आणि डोक्यावर पदर घेतलेली बाई निघाली.

"ही मूळची नाही," ते म्हणाले. "नंतर कुणीतरी पुट्टीने केलीय. काढून टाका, शिल्पाची किंमत वाढेल."

तुमचे चिरंजीव चहा पिता पिता हसले. "आयेनंच केलंन असणार. बाबा तिला कधी होडीवर घेत नव्हते. मग भिंतीवर चढली!"

म्हणजे त्या तुम्ही? मलाही पटलं. मग भिंग घेऊन जवळून पाहिलं. डोळ्यांभोवती काडीने दोन गोल कोरलेत. तो चष्मा आहे का हो? तेव्हा घरात चष्मा फक्त मला होता. की नुसते डोळेच, जरा मोठे झालेले? "बुडालीस तर चष्मा तेवढा वर येईल," असं म्हणणाऱ्या तुम्ही मला होडीत बसवाल? आणि बसवलीत तर सांगितलं का नाहीत? मुद्दाम झाकलीत, की दरवर्षीच्या रंगाखाली आपोआप गेली? मला काही म्हणजे काही कळत नाही.

रंग उतरवायला मी हो म्हटलंय. रागावू नका, गलबत राहायला हवं. पण त्या बाईला कुणाला हात लावू देणार नाही. किंमत उतरली तर उतरू दे. ती तुम्ही असाल तर नवऱ्याशेजारून तुम्हाला उठवणारी मी कोण? आणि मी असेन तर... तर मग उठायचंच नाही मला.

नारळी पौर्णिमेआधी गलबताला रंग लागेल, शब्द देते. चुन्यात कालवलेला, पातळ. पदर खोचून मीच लावीन. तिच्या चेहऱ्यावर मात्र कुंचला फिरवणार नाही.

तुमची,
चष्मीण