डाव्या कानासाठी

शिळफाटा, खोपोली
रविवार दुपार

प्रिय भाविका,

फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि मी नेरळला तुझ्या दारात येऊन उभी राहिले तर आतून कडी लावशील हे मला पक्कं ठाऊक आहे. अगदी आईवर गेलीयेस. म्हणून माझ्या रियाच्या वहीची पानं काढून लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस. गिऱ्हाइकांची मापं सोडली तर बारा वर्षांत मी काही लिहिलेलं नाही.

दहाव्याला तू सगळ्या भावकीसमोर जे बोललीस ते मनातून जात नाही बघ. आईसाठी एक टिपूस काढलं नाही, डोक्यावरून पाणीसुद्धा घेतलं नाही, कानाला कापूस लावून पाहुणीसारखी बसून राहिली. खरंच आहे गं ते. आई गेली त्या दिवशी तू कशेळ्याच्या जीपमधून उतरलीस ती हंबरडा फोडतच, आणि अंगणातल्या बायका तुझ्या गळ्यात पडल्या. माझ्यासाठीही त्या तशाच वाट बघत उभ्या होत्या. मी तोंड मिटून सरळ आत गेले आणि आईच्या पायाशी बसले. शेजारच्या जिजाकाकू मला हलवून हलवून सांगत होत्या, "रड गं पोरी, मोकळी हो." नाही रडले. स्मशानातून पुरुष परतल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, मी गळ्याखालीच पाणी घेतलं. पडवीत कुणीतरी म्हणालं, हिचं सुतक पण अर्ध्याच अंगाचं. डावा कान तेव्हा बंद होता, पण उजवा चांगला शाबूत आहे माझा.

माझं कानाचं ऑपरेशन झालंय एवढंच तुला माहीत. काय केलं ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला समोर बसवून सगळं समजावलं होतं. कानाच्या पडद्याला भोक, तेही अगदी पुढच्या कडेला. कानाच्या वरून एक पातळ पापुद्रा काढायचा आणि तो भोकाला लावायचा. पण पुढच्या कडेला त्याला आधार मिळत नाही, तो सरकतो. टाकाही घालता येत नाही. म्हणून तिथे डिंकाचे दोन थेंब. टिश्यू ग्लू म्हणतात. रक्त गोठून खपली धरते ना, त्यातल्याच पदार्थाचा केलेला. मी शिवणारी बाई, सुईशिवाय ठिगळ म्हणजे मला काही पटेना. आई मात्र लगेच म्हणाली, "फणसाचा चीक नाय का चिकटत? तसंच हाय ते." डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, हा डिंक थोडेच दिवस धरून ठेवतो, पुढे विरघळून जातो, तोवर अंगाने तो तुकडा आपला म्हटला पाहिजे. सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही, जोरात ओढायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. आईने ते सगळं दोनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीसारखं.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत न्यायच्या आधी ती खाटेवर माझ्या डावीकडे येऊन बसली. आठवून बघ, आई जन्मभर माझ्या उजवीकडे बसली. जेवताना, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही. मी म्हटलं, अगं इकडे ये, तिकडून मला नीट ऐकू येत नाही. ती उठली नाही. खाली मान घालून त्या बहिऱ्या कानाशीच बोलत राहिली. मी वळून उजवा कान पुढे केला तेव्हा तिचं अर्धं सांगून झालं होतं. "नदीनं नाय फुटला तुझा कान. मीच फोडला गं."

मी सहा वर्षांची होते. भाताची झोडणी चालली होती, मी खळ्यावर पेंढ्यात लोळत होते, आणि एक कुसळ कानात गेलं. आईने अंबाड्यातला आकडा काढला आणि मला मांडीवर आडवी घेऊन ते काढायला बसली. मी मान झटकली. रक्त आलं. सासूच्या भीतीने तिने ते पदराने पुसलं, वरून कोमट तेल ओतलं आणि गप्प बसली. पुढे कान वाहायला लागला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, नदीत डुंबून फुटला. तुला कधी पाण्यात उतरू दिलं नाही ना तिने? ते खोटं खरं वाटावं म्हणून. तुझं पोहणं त्या आकड्याने खाल्लं बघ. तीस वर्षं ती हे एकटी घेऊन फिरली. मी विचारलं, आई, कुसळ तरी निघालं होतं का? डोळे पुसत म्हणाली, "हां, तेवढं निघालं."

मग माझा हात धरून म्हणाली, डॉक्टरीण सांगते ते सगळं पाळ. बरा झाला की पयला फोन मला कर, डाव्या कानाला लावून. मला त्या कानात बोलायचंय.

आणि ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, आई चहा पिता पिता गेली म्हणून. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, जा, पण नाक शिंकरू नका आणि डोक्यावरून पाणी नको. रडू नका असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते माझं मीच ठरवलं. मी कशी रडते ते तुला माहीत आहे, लहानपणी तूच मला शेंबडी म्हणायचीस. एकदा सुरू झाले असते तर मला कुणी आवरलं नसतं. आणि ते ठिगळ सरकलं असतं तर आईने फोडलेलं तसंच राहिलं असतं, ती गेल्यावरही. म्हणून तिचे पाय धरून दात दाबून बसले. भाविका, आईच्या मढ्याशेजारी रडायचं नाही म्हणून बसणं किती अवघड असतं, ते देव करो आणि तुला कधी न कळो.

गुरुवारी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाल्या, धरलंय, छान धरलंय. मी विचारलं, आता नाक शिंकरलं तर चालेल? हळू शिंकरा, म्हणाल्या. मी खाली दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि आईच्या नावाने हेल काढून रडले. येणारेजाणारे बघत होते, साईनाथ बिचारा बायकोसाठी रुमाल घेऊन उभा. महिन्याभराचं साठलेलं होतं ते.

घरी आल्यावर फोन डाव्या कानाला लावला आणि मग कुणाला करायचा ते कळेना. तू दिवसा बँकेत, फोन उचलत नाहीस, म्हणून आई तुला बोलून रेकॉर्ड करून पाठवायची. मी घरात मशीनवर, मला सरळ फोन करायची. ते बोलणं बोलून संपलं. तिचा आवाज सगळा तुझ्याकडे राहिला, माझ्याकडे एक शब्द नाही. तू मला माफ कर म्हणून हे लिहिलेलं नाही. बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त तिच्या त्या मेसेजांतला एक पाठव. कुठलाही चालेल, तांदळाच्या पिठाचा असो, एसटी चुकल्याचा असो, मला शिव्या घातल्याचा असो, तसेही असतीलच. मी तो उजव्या कानाला लावणार नाही. तिला डाव्यात बोलायचं होतं.

तुझीच, जशी आहे तशी,
हर्षाताई