आतल्या वायरीवर ग्योंगहो

४ ऑक्टोबर
मिसुक, ही वही तुझ्यासाठी घेतली आणि लिहायला एवढा उशीर केला, रागावू नकोस पोरी. बेटावर सुखरूप पोचलो. बेटाला वीज पुरवणाऱ्या बॅटरीघराची राखण सोपी आहे. खोली कोरडी, उबदार. बॅटऱ्यांची तब्येत पडद्यावर बघायच्या दोन वाटा: 'आतून', म्हणजे इथल्या पेटीत वायर जोडून, नाहीतर 'दुरून', इंटरनेटवरून. कोण कुठून जोडलंय, त्याचं नावही दिसतं. ही पेटी तुझ्या भावानं, माझ्या ग्योंगहोनं बसवली. परतताना त्याची बोट बुडाली. त्याचा हात लागलेल्या वस्तूजवळ राहावं, म्हणून तर आलो.

९ ऑक्टोबर
मोक्पो शहरातल्या कचेरीतून आमच्या वरच्या नामसाहेबांचा फोन. "आजोबा, आत कुणाला बसवलंय? वायर जोडलेली दिसतेय." वायर खुंटीवर होती. पडद्यावर 'आतून' पुढे ग्योंगहो. जुनं नाव राहिलं असेल म्हणत साहेबांनी पुसलं. दुपारी परत आलं. भ्यायला हवं होतं. मी त्याला जेवलास का विचारलं.

१३ ऑक्टोबर
खोली गार पडत चाललीय. दुकानवाली ओकसून म्हणाली, "आधीचा राखणदार ऐन उन्हाळ्यात तिथं गारठून मेला. तुम्हाला नाही होय सांगितलं? सांगितलं तर येणार कोण!" पोरगं समुद्रातून आलंय, उबेला बसणारच.

१७ ऑक्टोबर
आज त्याची पुण्यतिथी. कबर नाही, म्हणून पान इथंच मांडलं. भातात चमचा उभा रोवला, सुका मासा, दारू. गेलेल्याला आत यायला दार किलकिलं ठेवतात, तसं ठेवलं. मग सुचलं. तो तर आतच होता.

१८ ऑक्टोबर
खोली उबदार. 'आतून' पुढे कुणी नाही. त्या दारातून सुटला म्हणून रडलो. मग खालची ओळ दिसली. 'दुरून: ग्योंगहो'. दुरून म्हणजे कुठून, साहेबांना विचारलं. त्यांनी पत्ता वाचला. तुझ्या घरचं इंटरनेट.

१९ ऑक्टोबर
फोन उचलत नाहीस. तुझी शेजारीण म्हणते, तुझ्या खिडकीच्या काचांवर आतून बर्फ. वाऱ्यामुळे बोट बंद. तुझ्यावर जीव टाकायचा तो, स्वतः किती गार झालाय ते त्याला कळत—
वायर जोडली. दार सताड उघडलं. म्हटलं, पोरा, तिला सोड, आबांकडे ये.

संध्याकाळ
आला. गारठ्यानं हात आखडलेत. 'दुरून' पुढे कुणी नाही. 'आतून' पुढे ग्योंगहो, आणि खाली—
तुझं नाव कसं, मिसुक? तू तिकडेच आहेस ना? लवकर कळव. नुसतं हो म्हण, पण फोनवरून, दुरून— इथं मागून नको—