समोरच्याने काय वाजवलं

प्रिय माऊ,

पास झालो! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र जीव मुठीत धरून वाचायला नको. पन्नाशी उलटलेल्या तुझ्या बापाने काल विद्यापीठाच्या जॅझ विभागात, तीन परीक्षकांसमोर, आयत्या वेळी हातात दिलेली चाल सॅक्सोफोनवर घेतली, तिच्यावर सुचेल तसं वाजवलं, आणि कुणी खोलीबाहेर काढलं नाही. उलट मास्तरांनी जाताजाता तिसऱ्या वर्षाची जागा देऊ केली. ते वर्ष सगळ्यांना मिळत नाही. चार-पाच जण निवडतात, रोज एकत्र वाजवायचं, बाहेर कार्यक्रम करायचे. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आता आपला करार तर दोनच वर्षांचा होता, तोवर आपला दातांचा दवाखाना तू सांभाळायचा आणि मग मी परत माझ्या खुर्चीपाशी. तेव्हा हे पत्र त्या हो-नाहीबद्दलच आहे. पण थेट मुद्द्यावर येणं मला जन्मात जमलेलं नाही, तेव्हा जरा धीर धर.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला, जिना इतका अरुंद की एकतर मी चढतो नाहीतर सॅक्सोफोनची पेटी. घरमालकीणबाई बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण त्यांचे कानही चांगले आहेत. म्हणून मी कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या शर्टांमध्ये तोंड खुपसून सराव करतो. माझ्या शर्टांना आता सगळ्या चाली पाठ असतील. मागच्या महिन्यात तुझी आई आली तेव्हा मला तसं उभं पाहून म्हणाली, पन्नाशीत लोक गुडघे सांभाळतात, आमचे हे कपाटात शिरलेत. घरी जाऊन तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल.

वर्गातली पोरं तुझ्याहून लहान. पहिल्या आठवड्यात मला ‘सर’ म्हणायची, दुसऱ्या आठवड्यापासून ‘डॉक्टर’ म्हणतात आणि कॅन्टीनमध्ये आ करून अक्कलदाढ दाखवतात. माझी जोडी लागली ती ड्रम वाजवणाऱ्या एका मुलीशी. तिला सगळे टकटक म्हणतात, कारण ती टेबल, भिंत, स्वतःचा गुडघा, मिळेल त्यावर बोटं वाजवत असते. एकदा माझ्या पाठीवरही वाजवून झालं. बोलते कमी, पण बोलते ते थेट टाळूला लागतं.

पहिल्या वर्षी मी काय केलं असेल, ओळख. दवाखान्यात कसं, पेशंट बसायच्या आत सगळी हत्यारं ट्रेमध्ये ओळीने मांडलेली. तसंच इथे केलं. घरून सुरांचे छोटे छोटे तुकडे घोटून आणायचे आणि वर्गात एकामागून एक काढायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, वा, काय सुचतंय या माणसाला! सुचत डोंबल होतं. सहामाहीला मी आपटलो. माऊ, शाळेपासून कधी नापास झालो नव्हतो, त्यामुळे ते कसं घ्यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मास्तरांनी शेरा दिला होता, ‘बोटं उत्तम. कान बंद.’

त्याचा अर्थ कळला तो नंतर, एका सकाळी. आमच्यात एक प्रकार असतो. थोडा वेळ मी वाजवायचं, मग तेवढाच वेळ तिने, मग पुन्हा मी, म्हणजे दोघांनी गप्पा मारल्यासारखं. त्या सकाळी टकटकची पाळी आली आणि ती थांबली. काठ्या हवेत, हात स्थिर. मला वाटलं, पोरगी चुकली, मोजता मोजता हरवली. मी आपला मोठ्या मनाने तिची जागा भरून काढली. अगदी भरगच्च! संपल्यावर मी वाटच पाहत होतो की ती आभार मानेल. मास्तरांनी विचारलं, तिने काय वाजवलं ते गाऊन दाखवा. मी म्हटलं, तिने काही वाजवलंच नाही. तर टकटक माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, मी थांबले होते. ती माझी जागा होती.” मोठी मोकळी जागा सोडून शेवटी एकच ठोका द्यायचा, असं तिच्या मनात होतं. आणि मी त्यावर बुलडोझर फिरवला होता.

आता यात माझा दोष किती आणि धंद्याचा किती, तूच सांग. तीस वर्षं मी ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्यांच्या तोंडात माझे हात होते. दुखतंय ना? दुखणारच. गोड खाता ना? खाणारच. प्रश्न माझा, उत्तर माझं, आणि समोरचा नुसता ‘आँ आँ’. अशा माणसाला गप्पा काय येणार, कपाळ! तुझी आई म्हणते, घरीही काही वेगळं नव्हतं. म्हणू दे.

त्या दिवसापासून मास्तरांनी मला एक शिस्त लावली. तालीम संपली की मी माझं काय चुकलं यावर अवाक्षर काढायचं नाही. आधी समोरच्याने काय वाजवलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन दाखवायचं, थांबे धरून. सुरुवातीला घाम फुटायचा. माझं सगळं लक्षात, तिचं काहीच नाही. टकटक खदाखदा हसायची. मग हळूहळू आठवायला लागलं. आणि गंमत अशी की आठवायला लागल्यापासून मला स्वतःलाही सुचायला लागलं. खरंखुरं, आयत्या वेळचं. एकदा तर असं काही निघालं की मीच दचकलो. त्या संध्याकाळी पायी घरी आलो, बसमध्ये बसून राहवेना. माऊ, इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

कालच्या परीक्षेत चाल संथ होती. टकटक मध्येच थांबली आणि माझे ओठ अगदी शिवशिवले, पण मी सॅक्सोफोन खाली घेऊन उभा राहिलो. परीक्षक बघतायत, घड्याळ चाललंय, आणि मी आपला ढिम्म. मग तिचा तो एक ठोका आला आणि त्यावर मी तीनच सूर लावले. परीक्षकांपैकी एकीने पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर टकटकने माझ्या पाठीवर पुन्हा टकटक केली, या वेळी मुद्दाम.

तिसऱ्या वर्षाचं ऐकल्यावर माझं तोंड हसूनहसून दुखायला लागलं. घरी येईपर्यंत मनात ‘हो’ पक्कं झालं होतं. तुला फोन करून आणखी एक वर्ष मागायचं, त्यासाठी वाक्यंही घोटून ठेवली होती. माऊला काय, दवाखाना छान चाललाय, ती नाही म्हणायची नाही. फोन हातात घेतला, आणि सवयीने म्हण किंवा कशाने म्हण, आधी आपलं रविवारचं बोलणं आठवायला बसलो. माझं नाही, तुझं. थांबे धरून.

मी परीक्षेचं चऱ्हाट लावलं होतं. त्यात तू मध्येच म्हणालीस की बाहेरगावच्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या दातांचं पुढचं शिक्षण सुरू होतंय, एका मैत्रिणीला जागा मिळालीय, दोन वर्षं तिथेच राहावं लागेल. मी विचारलं, कोणती गं मैत्रीण? तू म्हणालीस, “आहे एक.” आणि थांबलीस. चांगली थांबलीस. मी ती जागाही भरून काढली. तिला माझ्या शुभेच्छा सांग म्हणालो आणि परत सॅक्सोफोनवर आलो. अगं, तुझ्या सगळ्या मैत्रिणी आपल्या घरी जेवून गेल्यात, मी एकेकीला टोपणनावाने ओळखतो. ‘आहे एक’ नावाची त्यात कुणी नाही. आणि रडणारं पोर दवाखान्यात आलं की खुर्ची सोडून त्याच्याशेजारी जमिनीवर बसणारी डॉक्टर मी एकच पाहिलीय.

सोमवारी मी मास्तरांना नाही म्हणून सांगणार आहे. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण जे शिकायला आलो होतो ते माझ्यापाशी आहे, सॅक्सोफोन माझ्याबरोबर येतोय, आणि टकटकने सुट्टीत ड्रम घेऊन यायचं कबूल केलंय, तेव्हा शेजाऱ्यांची काळजी आता तुझ्या आईला. फोनवर हे सांगितलं नाही, कारण तू ‘नको, बाबा, तू राहा’ म्हणाली असतीस आणि मला ते ऐकायला फार आवडलं असतं. रविवारी तू तीनदा विचारलंस, ‘बाबा, तू कधी येणार?’ ‘मी कधी जाऊ?’ हे एकदाही विचारलं नाहीस. महिनाअखेर मी येतोय. तू जा, बाळा.

तुझाच, आणि आता थोडं ऐकू येणारा,
बाबा